गावात पाण्याचा फलक लावला, दोन महिन्यांत त्यावर लग्नाची पत्रिका चिकटली

कागदी_बाण

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागते.

मी डिझाइन शिकलेली. घर पुण्यात, पण गेलं दीड वर्ष भूजलाचं काम करणाऱ्या एका संस्थेबरोबर मराठवाड्यातल्या एका गावात ये-जा आहे. साधारण २१० घरं, चाळीसेक विहिरी, ६ हापसे. बोअर किती ते विचारलं की लोक नुसते हसतात. माझ्याकडे आलेलं काम असं होतं: जमिनीखाली पाणी किती उरलंय हे गावाला दिसावं आणि त्यावरून रब्बीत काय पेरायचं ते ठरवता यावं, असं काहीतरी बनव.

मी सगळं शिकवल्याप्रमाणे केलं. तीन कार्यशाळा घेतल्या. चावडीत सतरंजी, भिंतीवर खाकी कागद, रंगीत चिठ्ठ्या. पाऊस, विहीर, मोसंबी, कर्ज, लग्न, टँकर आणि त्यांच्यामधले बाण. माणसं आली, चहा झाला, चिठ्ठ्या लागल्या. दुसऱ्या कार्यशाळेत एक आजोबा बराच वेळ कागदाकडे बघून म्हणाले, "पोरी, जाळं बरोबर काढलंस. पण आपण यात अडकलोय हे आम्हाला ठाऊक होतं." सगळे हसले, मीही हसले. रात्री झोप लागली नाही.

तरी फलक केला. आठ बाय चारचा पत्रा, चावडीपुढे लावला. डावीकडे पाण्याचा ताळेबंद: पडलं किती, मुरलं किती, वाहून गेलं किती, उपसलं किती, सगळं टीसीएममध्ये. उजवीकडे गावाचा नकाशा, त्यावर विहिरी आणि हापशांचे ठिपके: हिरवा, पिवळा, लाल. रंग अगदी निवडून घेतलेले, उन्हात उडणार नाहीत असे. गेल्या आठवड्यात गेले तर "उपसलं किती" या रकान्यावर कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका चिकटवलेली. रागाने नाही हो. रिकामी जागा दिसली म्हणून.

कॉलेजात आम्हाला रिटल आणि वेबर यांची १९७३ सालची मांडणी शिकवली होती: काही प्रश्न असे असतात की त्यांची व्याख्या करतानाच तुम्ही उत्तर ठरवून टाकलेलं असतं. परीक्षेत मी त्यावर छान लिहिलं होतं. आता वाटतं, "लोकांना माहिती दिसत नाही" ही माझीच व्याख्या होती आणि फलक हे तिच्यातून निघालेलं उत्तर. मग प्रश्न नेमका काय होता?

डिझाइनवाल्यांचं मी रोज ऐकते. पाण्यात ज्यांचे हात बुडालेत त्यांनी सांगावं.

दुपारचा_चहा

टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, हे मला आत्ता शोधावं लागलं, आणि मी इंजिनियर आहे. हे एक.

दुसरं, फलक चावडीपुढे लावलाय म्हणता. आमच्याकडे चावडीपुढून बाया मान खाली घालून झपझप निघून जातात. तिथे पुरुष बसलेले असतात, थांबून वाचणार कोण? आणि पाणी भरतं कोण? पिठाच्या गिरणीपाशी लावा. तिथे नंबर येईपर्यंत सगळ्यांना उभं राहावं लागतं आणि वाचायला दुसरं काही नसतं.

हापसेवाला_निवृत्त

ताई, मी आयटीआय फिटर. २७ वर्षं पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकात यांत्रिक होतो, २०१४ ला सुटलो. तालुका सांगत नाही, त्यातली माणसं अजून आहेत. मी बोलतो, नातू टाइप करतो. शुद्धलेखनाच्या चुका त्याच्या.

आधी हापशाचं सांगतो. बहात्तरच्या दुष्काळात आपल्याकडे बोअर धडाधड पडले, मशीन होती, दगड फुटत होता. वर बसवले ते बिडाचे पंप, परदेशातल्या शेतघरासाठी काढलेल्या नमुन्याचे. तिकडं एका घरानं दिवसात चार बादल्या काढायच्या. इकडं पहाटे चारपासून रांग, अख्खी वस्ती त्याच्यावर. पिना झिजायच्या, हँडल तुटायचं. सत्तरच्या दशकाच्या मध्याला देशात पाहणी झाली तेव्हा चारातले तीन हातपंप बंद निघाले. पंप काही वाईट नव्हता, तो दुसऱ्याच घरचा होता.

आमच्या जालन्याला मिशनच्या वर्कशॉपात यावर तोड निघाली. तीन-चार सांधे काढून एकच सांधा ठेवला आणि हँडलच्या टोकाला साखळी. त्यामुळं खाली जाणारी दांडी कायम सरळ राहते, घासत नाही. सोलापूरला त्यात आणखी सुधारणा झाली. त्यावरून युनिसेफ आणि सरकारनं मिळून इंडिया मार्क टू काढला, कोइम्बतूरकडच्या खोल बोअरवर तपासला. पेटंट कोणी घेतलं नाही, कोणीही बनवावा. आज आफ्रिकेतसुद्धा तो आहे आणि त्याच्या पोटात आमच्या जालन्याची साखळी आहे. हे मी जमेल तिथं सांगतो, घरचे कंटाळलेत.

आता तुमच्या कामाचं. पंप सुधारला तरी खालचा वायसर झिजायचाच. मार्क टूमध्ये तो बदलायला अख्खी पाइपलाइन वर काढावी लागते. तीस मीटर म्हणजे तीन-तीन मीटरचे दहा पाइप, तिपाई, चार माणसं, गाडी. नंतर मार्क थ्री आला, त्याचा पाइप अडीच इंची, पाइप न काढता वायसर वर येतो. पण आमच्याकडं बहुतेक टूच. म्हणजे गावात वायसर झिजला की आम्ही येईपर्यंत हापसा बंद, आणि आम्ही कधी येणार ते आम्हालाच माहीत नसायचं.

मी लागलो तेव्हा गावाकडून पोस्टकार्ड यायची. मास्तर नाहीतर शाळेतलं पोर लिहायचं, पण सांगणारी पाणी भरणारी बाई असायची. ती कार्डं मी वर्षानुवर्षं वाचली. "हापसा दम धरत नाही." "सकाळी लई हापसावं लागतं मग येतं." "चार घागरी देतो आन् रुसतो." "दांडा हलका झाला." "खडखडतो पण पाणी ब्येस." यातलं एकेक वाक्य म्हणजे निदान आहे हो. सकाळी लई हापसावं लागतं, म्हणजे रात्री पाइपातलं पाणी खाली उतरतं: खालचा व्हॉल्व्ह गळतोय नाहीतर पाइपाच्या जोडात फट. चार घागरी देतो आणि रुसतो, म्हणजे पंप धड आहे, बोअरला झिरा कमी: तिथं आमचं काम नाही. दांडा हलका, म्हणजे खाली कुठंतरी रॉड सुटला. खडखडतो, म्हणजे बेअरिंग. मी कार्ड वाचून गाडीत सामान भरायचो. वायसरची थैली घ्यायची की रॉड घ्यायचे, तिपाई लागेल का, चार माणसं की दोन, सगळं त्या दोन ओळींवर.

पण ऑफिसच्या रजिस्टरला रकाने दोनच होते, चालू आणि बंद. कार्ड आलं की बाबू "बंद" लिहायचा आणि कार्ड तारेला टोचायचा. वरच्या साहेबाला महिन्याला आकडा जायचा, बंद इतके. बाईनं जे सांगितलं ते तारेवरच राहायचं.

पुढं एका हुशार साहेबानं छापील फॉर्म काढला. बिघाडाचे चौदा प्रकार, समोर चौकट, बरोबरची खूण करायची. मला आवडला होता, खोटं कशाला बोलू. वर्षभरानं बघितलं तर दहातल्या आठ फॉर्मवर खूण "इतर"वर. कारण "दम धरत नाही" अशी चौकटच नव्हती! "फूट व्हॉल्व्ह गळती" होती. ती बाईला कशी कळणार? ती पाइपाच्या वरच्या टोकाला, व्हॉल्व्ह खाली शंभर फुटांवर. तिला कळतं ते हाताला लागलेलं वजन. मग आम्ही परत सगळं सामान घेऊन फिरायला लागलो.

साहेब शहाणा माणूस होता. त्यानं आमच्या डोक्यातली यादी गावाला दिली. गावाच्या डोक्यातली यादी आम्हाला द्यायला पाहिजे होती, ती तर तारेला टोचलेली होती.

आणि एक माझं पाप. एका तांड्यावरचा हापसा, मे महिना. पाणी येत नव्हतं. एक म्हातारी म्हणत होती, "पाणी हाय, कालपरवापर्यंत भरून येत होतं, आज एकदम गेलं." एकदम गेलं, हे मी ऐकायला पाहिजे होतं. पाणी आटतं ते हळूहळू आटतं, आधी रुसतं, मग जातं. एकदम जातं ते यंत्र. पण त्या महिन्यात आम्ही सगळीकडं "कोरडा" लिहीत होतो. "बंद" लिहिलं की आम्हाला जावं लागायचं, "कोरडा" लिहिलं की टँकरचा प्रस्ताव. गावालाही टँकर हवा होता, सरपंच बाजूला उभा राहून मान डोलवत होता. मी कोरडा लिहिला. पुढं त्याचं हँडल, हेड कोणीतरी काढून नेलं. टँकर जुलैत थांबला. तांड्यावरच्या बाया दोन वर्षं खालच्या विहिरीवर जात होत्या. नंतर दुसऱ्या कामासाठी तो बोअर उघडला तर पाणी अठरा मीटरवर.

तेव्हा तुमचे लाल ठिपके कोणी आणि कसे लावले, हे मला आधी सांगा. पत्रिकेचं नंतर बघू.

तासाचं_पाणी

वरच्या काकांना दंडवत. मी शेतकरी, मोसंबी होती, २०१२-१३ मध्ये जळाली, आता तूर-सोयाबीन आणि थोडा कांदा.

फलकाच्या भाषेबद्दल: आम्ही विहिरीचं पाणी तासात मोजतो. "विहिरीला दोन तासाचं पाणी आहे", म्हणजे दोन तास मोटर चालली की फुटबॉल (फूट व्हॉल्व्ह हो) उघडा पडतो. मग पुन्हा भरायला किती वेळ लागतो ते वेगळं. दिवाळीला सहा तास, संक्रांतीला तीन, होळीला पाऊण. पाच एचपीचा तास आणि साडेसातचा तास सारखा नसतो, हेही आम्हाला कळतं, शेजाऱ्याची मोटर किती एचपीची ते तर फारच कळतं. सरकारी निरीक्षण विहिरीवर वर्षातून चार वेळा टेप सोडतात. आम्ही रोज बटण दाबतो.

पण नुसती भाषा बदलून काही होणार नाही असं माझं मत आहे. हिवरे बाजारला लोक ताळेबंद का ऐकतात? तिथे पाऊस किती झाला यावर ग्रामसभेत दुसरं पीक घ्यायचं की नाही ते ठरतं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, हे आधी ठरलेलं. पोपटराव पवार १९८९ पासून त्यामागे आहेत, एका फलकाचं ते काम नाही. त्याआधी पुरंदरला नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तेही बहात्तरचा दुष्काळ बघून. ते स्वतः इंजिनियर, पण त्यांनी यंत्राच्या आधी नियम बदलला: पाणी जमिनीवर नाही, माणशी. माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. ऊस बंद. एवढं ठरल्यावर आकडा आपोआप वाचला जातो, कारण त्यात माझा घास असतो.

तुमच्या फलकावर आकडा कमी दिसला तर गावात कोणाचं काय बदलणार होतं? ज्याच्याकडे ४०० फुटांचा बोअर आहे तो बघणार नाही, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याने बघून काय करायचं? पत्रिकेवर निदान जेवणाची वेळ तरी होती.

दुपारचा_चहा

शेवटची ओळ 😄 गिरणीचा मुद्दा मागे घेतो.

कागदी_बाण

तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण मध्ये गावात राहून आले.

तासाचं_पाणी, तुमचं बोचलं आणि पटलं. संस्थेत विचारलं की फलकावरच्या कुठल्या आकड्यावर कुठला निर्णय अवलंबून आहे. कोणाकडे उत्तर नव्हतं. "जागृती" एवढंच आलं. ग्रामसभेत रब्बीबद्दल काही ठरवायचं असेल तर त्याची सुरुवात चार मोठ्या बोअरवाल्यांशी बोलण्यापासून आहे, आणि ते काम माझ्या वकुबाबाहेरचं आहे. तरी त्यांतल्या दोघांकडे जाऊन बसले. एकाने पाणी पाजलं आणि विषय बदलला. दुसरा म्हणाला, "माझा बंद केला तर त्याचाही बंद झाला पाहिजे, हे लिहून देणार कोण?" त्याला मी उत्तर दिलं नाही, पण हा प्रश्न माझ्या एकाही चिठ्ठीवर नव्हता.

हापसेवाले काका, ठिपक्यांचं सांगते. सर्व्हेला दोन मुलं होती, मोबाइलवर फॉर्म. हापशाजवळ जायचं, हापसायचं, पाणी आलं तर हिरवा, थोडं आलं तर पिवळा, नाही आलं तर लाल. किती वेळ हापसायचं हे फॉर्ममध्ये नव्हतं. तो फॉर्म मीच केला होता.

या वेळी मी फॉर्म नेला नाही. सकाळी साडेपाचला हापशावर जाऊन उभी राहिले. पहिल्या दिवशी कोणी बोललं नाही, दुसऱ्या दिवशी एकीने हँडल माझ्या हातात दिलं, म्हणाली, "बघ." शाळेजवळच्या पिवळ्या ठिपक्याला पहाटे पस्तीस-चाळीस हापके मारावे लागतात, मग दिवसभर छान धार. मुलं तिथे भल्या पहाटे, कोणी हापसायच्या आधीच पोचली होती, दहा हापक्यांत थकली असतील. वरच्या आळीतला हिरवा ठिपका मुलांना दुपारी हिरवा दिसला, पण पहाटे सहा घागरी झाल्या की रुसतो, पुढच्या बाईला अर्धा तास थांबावं लागतं. म्हणजे काका, पिवळा ज्याला म्हटलं तिथे पाणी आहे आणि हिरवा म्हटलं तिथे ते संपत आलंय. उलटंच की.

मारुतीच्या देवळामागचा लाल. तो गेल्या वर्षी पोळ्यापासून बंद आहे. त्याच्याबद्दल कोणी धड बोलेना, "तो गेला" एवढंच. फलकावर लाल बघून ग्रामपंचायतीने तो "निकामी" यादीत टाकलाय. म्हणजे माझा फलक एका माणसाने तरी वाचला.

हापसेवाला_निवृत्त

शाळेजवळच्याचा व्हॉल्व्ह किंवा पाइपाचा जोड. एक दिवसाचं काम. वरच्या आळीतल्याला हात लावू नका, पाइप वाढवून द्या म्हणतील, बघून घ्या किती खोल आहे. झिराच कमी असेल तर फुकटचा खर्च.

मारुतीमागचा पोळ्याला बंद पडला म्हणता. पोळा म्हणजे श्रावणाची अमावस्या, ऐन पावसाळा. हापसा आटून जायचे दिवस नव्हेत ते. हळूहळू गेला की एकदम? आणि मुख्य म्हणजे हँडल अजून जागेवर आहे का? असेल तर दाबून बघा, जड लागतं की हलकं. दाबताना शेजारी चालू असलेल्या दुसऱ्या हापशाचं हँडल आठवा, त्याच्याशी तुलना करा. मनानं ठरवू नका.

बांदा जिल्ह्यात, तिकडं उत्तर प्रदेशात, नव्वदच्या दशकात महिला समाख्या या सरकारी कार्यक्रमातल्या बाया हातपंप दुरुस्ती शिकल्या होत्या. ज्या बाईला हातानं फरक कळतो तिच्याच हातात पाना दिला की मधलं पोस्टकार्डच लागत नाही. तुमच्या गावात ज्या बाईनं "बघ" म्हणून हँडल दिलं, तिला विचारा, पाना धरशील का. मी यायला तयार आहे. गाडीभाडं द्या, बाकी काही नको. तिपाई माझ्या ओळखीच्याकडं आहे.

कागदी_बाण

काका, तिला विचारलं. नवऱ्याला विचारून सांगते म्हणाली, आणि अर्ध्या तासाने स्वतःच आली, कधी येणार ते विचारायला.

मारुतीमागे आम्ही दोघी गेलो. हँडल आहे. तिने दाबलं आणि हसली. अगदी हलकं, पोराच्या खेळण्यासारखं. एकदम गेला होता म्हणाली, घागर अर्धी भरलेली असताना. एवढे महिने हे कोणी का सांगितलं नाही विचारलं तर म्हणे, "कोणी विचारलं नाही, अन् लाल लावल्यावर आम्हाला वाटलं तुम्ही काही बघूनच लावला असेल."

पत्र्यावरचा लाल ठिपका मी खरवडून काढलाय. आता तिथे कुठला रंग लावू? निळा म्हणजे "दुरुस्ती शक्य" असा चौथा रंग करावा का?

हापसेवाला_निवृत्त

चौथा रंग नको. रॉड सुटलाय हे जवळजवळ नक्की, पण पाणी किती आहे ते पाइप वर आल्यावर टेप सोडून बघू. तोवर तिथं खडूनं तारीख लिहा आणि खाली "दांडा हलका" एवढंच. पुढचा यांत्रिक वाचेल.

सोमवारी येतो. रॉड १२ मिलीचे, तीन मीटरचे, चार आणून ठेवा. सोबत वायसरची एक थैली, शाळेजवळच्यासाठी. आणि पत्रिका काढू नका, लग्न होऊन जाऊ द्या.